पंगतीत जाणवलेला प्रभू खरा मानावा का?

जालना जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव गाळून पत्राचा मुख्य भाग येथे देत आहे. (त्यातले प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत मंडळीने भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी.)

"माझे यजमान जाऊन दीड वर्ष झाले. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मी दर रविवारी उपासनेला जाते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घेते; पण यजमान गेल्यापासून प्रभूच्या मेजापुढे गुडघे टेकले तरी मन कोरडेच राहते. यंदा ज्वारीच्या राशी झाल्यावर आमच्या मंडळीत हंगामाची उपकारस्तुती झाली आणि नंतर चर्चच्या आवारात जेवण होते. मी पहाटेपासून चुलीपाशी होते आणि वाढायलाही मीच होते. आमच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई पंगतीत बसल्या होत्या. त्यांच्या घरी आमच्याकडची काही माणसे अजूनही पाणी पीत नाहीत. मी आमटी वाढायला वाकले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, 'लेकरा, तू जेवली न्हाईस अजून,' असे म्हणाल्या, आणि पानातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी तिथेच उभ्याने ती खाल्ली. त्या क्षणी प्रभू आमच्यामध्ये आहे असे इतके स्पष्ट वाटले की मला भांड्यांच्या मागे जाऊन रडू आवरावे लागले. पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेतले, तेव्हा मात्र पुन्हा काहीच वाटले नाही. हे मी चर्च कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितले तर ते म्हणाले, 'भरल्या पोटी सगळ्यांनाच देव दिसतो, भावनेच्या आहारी जाऊ नका.' थोरल्या जाऊबाईंनी तर एवढेच विचारले, 'तिच्या हातची भाकरी खाल्लीस?' मला दर महिन्याला असे एकत्र जेवण सुरू करावेसे वाटते. पण मला जे जाणवले ते खरेच प्रभूचे होते, की एकटेपणामुळे माणसांची ऊब मिळाली आणि मी तिलाच प्रभू समजले?"

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

तुम्हाला जे जाणवले ते खरे माना, असे मी आधीच सांगून टाकते, कारण हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवावे इतका वेळ तुम्ही ताटकळत राहावे असे मला वाटत नाही. मात्र ते खरे होते असे म्हणताना कोणत्या कसोटीवर म्हणायचे हे पाहिले पाहिजे, कारण तुमच्या कमिटीतल्या गृहस्थांनी भावना पारखून घ्यावी असे सुचवले, त्यात गैर काही नाही. त्यांनी हातात घेतलेला काटा तेवढा चुकीचा आहे. भरल्या पोटी देव दिसतो असे ते म्हणाले, पण तुमचे पत्र पुन्हा वाचले तर तुम्ही त्या वेळी पहाटेपासून उपाशी होतात. पोट भरलेले नव्हते. कोणीतरी तुमची भूक ओळखली होती, आणि ज्या बाईने ती ओळखली तिच्या पानात फार काही उरले होते असेही नाही. सुस्तावलेल्या पोटाचे समाधान आणि ही गोष्ट यांत फरक आहे, आणि तो तुमच्या मनाने बरोबर टिपला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आहेत. ज्याच्यावर सगळी आशा ठेवली होती तो वधस्तंभावर मेला, म्हणून खचून यरुशलेम सोडून निघालेली ही माणसे तुमच्यासारखीच शोकात आहेत. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो, साऱ्या शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो, आणि तरीही तो कोण हे त्यांना कळत नाही. इतका मोठा उपदेश ऐकूनही ओळख पटत नाही, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पुढे संध्याकाळ होते, वाटसरू पुढे जाऊ पाहतो, आणि हे दोघे त्याला आग्रह करून घरात नेतात. जेवायला बसल्यावर पाहुणाच भाकर हातात घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. त्या क्षणी त्यांचे डोळे उघडतात. वाटेवर आपले अंतःकरण आतून पेटल्यासारखे झाले होते, हे त्यांच्या लक्षात येते ते मागाहून, जेवणाच्या मेजापाशी बसून. तेव्हा प्रभूची ओळख भाकर मोडताना पटणे ही तुमच्या एकटेपणाने रचलेली कल्पना नाही. पुनरुत्थानाच्या पहिल्याच संध्याकाळी ती तशी पटलेली आहे.

त्याच कथेतली पुढची ओळ तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. ओळख पटताच प्रभू त्यांच्यासमोरून अदृश्य होतो. ते दोघे मात्र रिकाम्या जागेकडे पाहत हळहळत बसत नाहीत, तर त्याच घटकेला उठतात आणि रात्रीच्या वेळी सुमारे अकरा किलोमीटर चालून, जे शहर सोडून आले होते तिथे, इतर शिष्यांकडे परत जातात. पुढच्या रविवारी तुम्हाला काही वाटले नाही, म्हणून आधीचे खोटे ठरत नाही. ती जाणीव धरून ठेवण्यासाठी दिलेली नसते. ती आल्यावर माणूस उठून कोणाकडे चालू लागतो, यावरून ती पारखायची असते. तुम्हाला त्या दिवसानंतर काय सुचले? एकत्र जेवण सुरू करावे, हे सुचले. देवळाच्या कोपऱ्यात बसून पुन्हा तसेच वाटावे म्हणून डोळे मिटावेसे तुम्हाला वाटले असते, तर मीही थोडी काळजी केली असती.

आता प्रभुभोजन आणि पंगत या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आहेत, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. प्रभुभोजनाच्या वेळी जी वचने वाचली जातात, 'ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली', ती प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, 11व्या अध्यायाच्या 23व्या वचनापासूनची आहेत. हे पत्र इसवी सन 55च्या आसपासचे, म्हणजे चारही शुभवर्तमाने लिहिली जाण्याच्या आधीचे आहे, आणि शेवटच्या भोजनाचे आपल्या हाती असलेले हे सर्वांत जुने लेखी वर्णन आहे. पण पौलाने ते उपासनेचा विधी शिकवण्यासाठी लिहिलेले नाही. त्याच्या आधीची वचने वाचली तर पौल रागावलेला दिसतो. करिंथची मंडळी एकत्र जमत होती, पण सुखवस्तू लोक लवकर येऊन आपापले आणलेले खाऊन घेत, आणि दिवसभर राबून उशिरा येणाऱ्यांना काही उरत नसे. एक जण उपाशी आणि एक जण प्यायलेला, अशी स्थिती होती. अभ्यासकांचे असेही म्हणणे आहे की त्या काळच्या श्रीमंत घरांत जेवणाच्या दालनात जेमतेम नऊ-दहा माणसे मावत, त्यामुळे मानाचे लोक आत आणि बाकीचे बाहेरच्या चौकात, असे होणे सहज होते. आपल्याकडे ओसरीवरची पंगत आणि अंगणातली पंगत म्हटले की हे लगेच समजते.

या प्रकाराला पौल म्हणतो की तुमचे हे जेवण प्रभूचे भोजन नव्हेच. आणि मग, लोकांना लाज वाटावी म्हणून, तो त्या रात्रीची आठवण करून देतो. म्हणजे आज आपण सर्वांत पवित्र मानून वाचतो ती वचने एका बिघडलेल्या पंगतीला सुधारण्यासाठी लिहिली गेली आहेत. त्या अध्यायाचा शेवट तर अगदी साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे वचन आपण फार भीतीने ऐकतो आणि आपल्या खासगी पापांची यादी मनात करतो. पण पौलाच्या डोळ्यांसमोर त्या वेळी ज्यांच्यासाठी कोणी थांबले नव्हते ते उपाशी भाऊबहीण होते. त्या म्हाताऱ्या बाईंनी तुम्ही जेवला नाहीत हे पाहिले आणि आपले खाणे थांबवले. करिंथच्या मंडळीला जे जमले नव्हते ते त्यांनी केले, बहुधा ते पत्र समोर नसताना.

पहिल्या मंडळ्यांत भाकर मोडणे आणि पोटभर जेवणे हे एकाच बैठकीत होत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात लोक घरोघरी भाकर मोडत आणि आनंदाने, सरळ मनाने जेवत, असे वर्णन आहे. पुढे हळूहळू दोन्ही वेगळे झाले. इसवी सन 112च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताची स्तुती गातात, पांगतात, आणि नंतर पुन्हा जमून जेवतात, असे कळवले आहे. आणि ते अन्न साधे, निरुपद्रवी असते असा निर्वाळाही दिला आहे. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेने प्रार्थनामंदिरात प्रीतिभोजने, म्हणजे मंडळीची एकत्र जेवणे, घेण्यास मनाई केली. त्यामागे गोंधळ टाळण्याची इच्छा असेल, पण तिथून वेदीवरची भाकर आणि चुलीवरची भाकर यांची ताटातूट पक्की होत गेली. तरीही ओढ मधूनमधून वर येतच राहिली. जर्मनीतल्या हर्नहुट या वस्तीत निरनिराळ्या पंथांचे निर्वासित आपापसांत भांडून विस्कटले होते. 13 ऑगस्ट 1727 रोजी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतले, मने जुळली, आणि लोक घरी जाईनात, तेव्हा त्यांचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ यांनी आपल्या घरून अन्न पाठवले, असे त्यांच्यातून उभी राहिलेली मोरावियन मंडळी सांगत आली आहे. त्यांच्या प्रीतिभोजनाची परंपरा तिथून सुरू झाली. तुम्हाला हवे आहे ते नवे फॅड नाही, एवढे तुमच्या कमिटीला सांगायला हे पुरेल.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न ऐकून तुम्हाला वाईट वाटले असणार, पण मला त्यात त्या एकट्या दिसत नाहीत. आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांत बाप्तिस्मा होऊन चार-पाच पिढ्या उलटल्या तरी आजोबा-पणजोबांची मूळची जात सोयरिकीच्या वेळी आणि पाण्याच्या तांब्याशी अजून जागी असते. हे आपण सगळे जाणतो आणि व्यासपीठावरून क्वचितच बोलतो. असे वागणाऱ्यात प्रत्यक्ष येशूचा प्रमुख शिष्य पेत्रही होता. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती हकिगत आहे: अंत्युखिया शहरात तो परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर मोकळेपणाने जेवत असे, पण यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने हळूच पंगतीतून उठला, आणि त्याचे पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत विरोध केला. कोणाबरोबर जेवायचे हा प्रश्न पौलाला शिष्टाचाराचा वाटला नाही, तो त्याला शुभवर्तमानाच्या सत्याचा वाटला.

आपल्याच भागाचा इतिहास आठवावा असे मला वाटते. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन म्हणून न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिला, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून केवढा वाद पेटला! तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तिथले अन्न त्याच्या पोटात गेले होते, हा त्या वादाचा गाभा होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला, तर त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. कोणाच्या घरचा घास घेतला यावर एका मुलाचे सारे आयुष्य टांगले गेले होते, आणि त्याच मुलाचा थोरला भाऊ पुढे जालन्याच्या परिसरात येऊन गावकुसाबाहेरच्या माणसांमध्ये राहिला. आपल्या मंडळ्या अशा माणसांच्या कामावर उभ्या आहेत. आणि ही ओळख काही ख्रिस्ती लोकांनाच झाली असेही नाही. पैठणला एकनाथ महाराजांनी श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, ही कथा मराठवाड्यात धर्माची वेस न पाळता सगळ्यांनी ऐकलेली असते. कोणाला आधी वाढायचे यात देवाची परीक्षा असते, हे या मातीला ठाऊक आहे. आपण आपल्या मंडळीत ते विसरावे, याचे मला दुःख होते.

जाऊबाईंशी वाद घालू नका. 'हो, खाल्ली, आणि मला त्या भाकरीत प्रभूची आठवण झाली,' इतके शांतपणे सांगा आणि विषय सोडा. त्यांना पंगतीला बोलवा, पण त्या बाईंच्या शेजारी मुद्दाम बसवून कोंडीत पकडू नका. कोंडीत सापडलेला माणूस आणखी घट्ट होतो. पेत्रालाही परजातीय रोमन अधिकारी कर्नेल्याच्या घरी जाण्याआधी गच्चीवर तीनदा दर्शन घडावे लागले होते. तुमच्याकडून त्यांना तेवढी सवड मिळू द्या, मात्र त्यांच्या सवडीपायी त्या म्हाताऱ्या बाईंची जागा पंगतीत मागे सरकू देऊ नका. ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी पाळणे अवघड आहे हे मला माहीत आहे.

प्रभुभोजनाच्या वेळच्या कोरडेपणाबद्दल मला एक गोष्ट पत्राच्या ओळींमधून जाणवते. यजमान होते तेव्हा तुम्ही दोघे मेजापुढे शेजारी गुडघे टेकत असाल. आता तिथे गेले की सर्वांत आधी शेजारची रिकामी जागा जाणवत असणार, आणि त्या पोकळीलाच तुम्ही देवाचे दूर जाणे समजत असाल. हंगामाच्या जेवणात ती रिकामी जागा नव्हती, कारण चुलीपाशी राबणाऱ्या बायकांत प्रत्येकीची जागा कामाने ठरते. तुमच्या शंकेत एवढे खरे आहे की माणसांची ऊब तुम्हाला लागली होती. पण प्रभू माणसांची ऊब वगळून भेटतो, असे कोणी सांगितले? योहानाच्या 21व्या अध्यायात पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून, त्यावर मासे आणि सोबत भाकर ठेवून शिष्यांची वाट पाहतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. स्वतःकडे मासे असताना 'तुम्ही धरलेल्यांतलेही थोडे आणा' असे तो म्हणतो. संपूर्ण नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख असा दोनदाच येतो: एकदा इथे, आणि एकदा त्या अंगणात जिथे शेकत उभा राहून पेत्राने आपण येशूला ओळखत नसल्याचे सांगितले. ज्याने नाकारले त्याला पुन्हा जवळ घेण्यासाठी प्रभूने आधी जेवायला घातले, प्रश्न नंतर विचारले. शिष्यांपैकी कोणीही 'तू कोण' असे विचारायला धजले नाही, कारण तो प्रभू आहे हे त्यांना कळत होते, असे योहान लिहितो. तिथे ऊब, धूर, माशांचा वास आणि प्रभू हे सगळे एकत्रच आहे, वेगळे काढता येत नाही.

म्हणून पुढच्या पहिल्या रविवारी एक करून पाहा. तुमच्या नेहमीच्या बाकावर बसू नका. त्या बाईंच्या शेजारी बसा आणि प्रभूच्या मेजापुढे त्यांच्याबरोबर जा. पाळकसाहेब भाकर मोडतील तेव्हा मन लावण्यासाठी दुसरे काही शोधू नका, त्या बाईंनी भाकरी कशी मोडली ते आठवा: दोन्ही अंगठे मधोमध रोवून, पापुद्रा फाटताना निघालेली वाफ, आणि मोठा अर्धा कोणता हे पाहून तोच तुमच्या हातावर ठेवणे. हा तपशील माझा आहे, तुमच्या पत्रात नाही. पण आपल्याकडची म्हातारी माणसे भाकरी मोडून देतात ती अशीच, आणि तुमच्या बाबतीतही असेच झाले असेल अशी माझी खात्री आहे. तरीही त्या दिवशी काही वाटले नाही, तर वाटले नाही. आमंत्रण देणारा तो आहे, आपल्या जाणिवेच्या कमी-जास्तीवर तो आपल्याला पंगतीतून उठवत नाही.

घरातल्या जेवणाकडेही लक्ष द्या. दीड वर्ष एकटी राहणारी बाई ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खाऊन घेत असेल, असा माझा अंदाज आहे. ताट वाढून घ्या, खाली बसा, भोजनाची प्रार्थना मोठ्याने म्हणा, जशी दोघे असताना म्हणत होता. आणि भूक, झोप दोन्ही फार दिवस हरवली असतील तर डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. हेही देवाच्या काळजीतच मोडते.

मासिक जेवण सुरू करण्याआधी मात्र एक पायरी आहे, आणि माझ्या सगळ्या सल्ल्यात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी जेवायला जा. त्यांना आपल्या घरी बोलावणे चांगलेच, पण यजमानपदात एक अधिकार असतो: भांडी आपली, वेळ आपली, वाढणारे हात आपले. येशू शुभवर्तमानात किती वेळा पाहुणा आहे हे पाहा. जकातदार लेवीच्या घरी तो जेवतो, शिमोन परूश्याच्या घरी जेवतो, आणि जकातदार जक्कयाला तर झाडावरून खाली बोलावून 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असे स्वतःच सांगतो. गावाने ज्याच्या दारात पाऊल टाकायचे सोडले होते त्याच्या घरचे अन्न त्याने मागून घेतले. तुम्हीही आधी निरोप पाठवा, म्हणजे त्यांची तारांबळ होणार नाही. 'मावशी, रविवारी तुमच्याकडं भाकरी खायला येते' एवढे पुरे. जाताना मिठाईचा पुडा घेऊन उपकार फेडायला जाऊ नका. त्या देतील ते खा, पाणी मागून प्या, आणि निघताना भांडी घासायला बसलात तर त्या नको म्हणतील तरी बसा.

मासिक जेवणासाठी पाळकसाहेबांची संमती आधी घ्या, कमिटीला मागाहून कळले असे होऊ देऊ नका. प्रभुभोजनाचाच रविवार निवडा, म्हणजे देवळातून उठून माणसे सरळ पंगतीला येतील आणि दोन्हींचा संबंध कोणी समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. स्वयंपाक सणाचा करू नका. एक आमटी, एक भाजी, ठेचा, आणि भाकऱ्या ज्याने त्याने घरून आणायच्या. त्या सगळ्या एकाच दुरडीत एकत्र ठेवायच्या, म्हणजे कोणाची भाकरी कोणाच्या पानात गेली हे उरणार नाही. ही दुरडी हीच तुमच्या जेवणाची खरी परीक्षा होणार आहे, आणि काही घरे पहिल्यांदा स्वतःचा डबा वेगळा घेऊन बसतील, तेव्हा त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करा. ज्यांच्या घरी त्या दिवशी भाकरी आणण्यासारखे काही नसेल त्यांनी रिकाम्या हाती यावे आणि ते कोणाच्या लक्षातही येऊ नये, अशी व्यवस्था दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाने सांभाळावी. हे काम तुम्ही स्वतः घ्या. देणगीदारांची नावे माइकवरून वाचायची नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका, कारण ती एकदा सुरू झाली की बंद करता येत नाहीत. मजुरीला, ऊसतोडीला किंवा मोंढ्यात हमालीला गेलेली माणसे येईपर्यंत पंगत बसू नये. वाढायला आणि भांडी घासायला तरुण मुलांना लावा. बायका पहिल्या पंगतीला बसल्या तर काहीही बिघडत नाही. आजारी माणसांचा डबा आधी काढून ठेवा आणि तो पोचवायला दोघांनी जावे, एकट्याने नको, म्हणजे तिथे बसून चार शब्द बोलणे होते.

पहिल्या महिन्यात माणसे कमी येतील. जी येतील त्यांना ती कमी आहेत असे जाणवू देऊ नका, आणि न आलेल्यांची चर्चा पंगतीत होऊ देऊ नका. त्या दिवशी चुलीपाशी तुमच्याबरोबर होत्या त्यांतल्या दोघी-तिघींना आजच सोबतीला घ्या. तुम्हाला जे जाणवले ते त्यांच्यापैकीही कोणाला जाणवले असेल, पण तुम्ही विचारल्याशिवाय त्या सांगणार नाहीत.

आणि पाळकसाहेबांना माझी एक विनंती कळवा. ज्या रविवारी पहिले जेवण होईल त्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11वा अध्याय त्यांनी 23व्या वचनापासून न वाचता 17व्या वचनापासून 34व्या वचनापर्यंत सलग वाचावा.